चांदीची पट्टी किती दिवस? मधुमेही पायाच्या एका संसर्गित जखमेचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण साठी ओलांडलेले भिक्षुक. इंदूरला राजवाड्याभोवतीच्या जुन्या वस्तीत राहतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना गुरुजी म्हणू. शहरातल्या मराठी घरांतले सत्यनारायण, मुंजी, वास्तुशांती, श्रावणातले अभिषेक आणि भाद्रपदातली गणपतीची प्राणप्रतिष्ठा यांवर त्यांचे घर चालते. मधुमेह चौदा वर्षांचा. गोळ्या नियमित, पण पथ्य यजमानांच्या घरी मोडायचे. शिऱ्याचा प्रसाद नाकारणे त्यांना जमत नसे. थायरॉइडची गोळीही चालू होती. हा तपशील पुढे कामाला आला.

वैशाखात एका देवळात भर दुपारी प्रदक्षिणा झाल्या. इंदुरात त्या दिवसांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि दगडी फरशी त्याहून तापते. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, फोड आला. दुखला नाही, म्हणून कळलाही नाही. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, धुतलेल्या फरशीवर ओले डाग दिसले तेव्हा पाय उलटा करून पाहिला गेला.

पुढचे दोन-अडीच महिने घरी उपचार चालले. रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस काढायचा, मग पोविडोन आयोडीन, वर मेडिकलवाल्याने दिलेली अँटिबायोटिक पावडर, त्यावर कोरडी पट्टी. मध्ये दोनदा जवळच्या दवाखान्यातून पाच-पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या. गोळ्या चालू असल्या की वास कमी व्हायचा, बंद झाल्या की परत यायचा. आषाढ संपता संपता ते आमच्याकडे आले.

अडचण काय होती

जखम साडेतीन बाय तीन सेंटीमीटर होती. कडेने जाड पांढरा घट्टा, मध्ये पिवळट मेलेले मांस आणि त्यावर पावडरचे खडे घट्ट बसलेले. पट्टी भिजून मोज्यापर्यंत ओल आलेली. जखमेच्या कडेपासून अडीच सेंटीमीटरपर्यंत लाली पसरली होती. ताप नव्हता, नाडी ठीक होती. लाली दोन सेंटीमीटरच्या पुढे गेली, पण शरीरभर संसर्गाची लक्षणे नाहीत, म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हा मध्यम संसर्ग. अशा वेळी पोटातून अँटिबायोटिक द्यावेच लागते. कुठलीही पट्टी त्याची जागा घेत नाही.

दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवला तर गुरुजींना एकाही ठिकाणी तो जाणवला नाही. पावलावरची नाडी मंद होती. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर १.४ आले. आकडा वरवर भरघोस दिसतो, पण जुन्या मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते, त्या दाबल्या जात नाहीत आणि हा आकडा फसवा येतो. म्हणून अंगठ्यातला दाब मोजला, तो पाऱ्याचा ५५ मिमी निघाला. तीसच्या खाली असता तर पट्टीची चर्चा बाजूला ठेवून आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवले असते.

बोथट सळईने जखमेचा तळ चाचपला, हाडाला टेकली नाही. एक्स-रे स्वच्छ होता. मात्र हाडातल्या संसर्गाच्या खुणा एक्स-रेमध्ये उमटायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून दुसऱ्या एक्स-रेची तारीख त्याच दिवशी देऊन ठेवली.

घरच्यांचा पहिला प्रश्न होता, "चांगल्यातली चांगली पट्टी कोणती?" पुतण्याने फोनवर बरेच वाचून ठेवले होते. चांदीची, मधाची, कोळंबीच्या कवचापासूनची, अशी यादीच त्याच्याकडे होती. प्रश्न मनापासूनचा होता, आणि त्याला नीट उत्तर देणे हा उपचाराचाच भाग होता.

कोणते पर्याय तोलले

ओलसर राखलेली जखम कोरड्या खपलीखालच्या जखमेपेक्षा लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवले. आजची बहुतेक आधुनिक ड्रेसिंग त्या निरीक्षणाच्या पायावर उभी आहेत. पण ओल म्हणजे चिखल नव्हे. गुरुजींच्या जखमेत पाणी जास्तच होते, तेव्हा पट्टीचे पहिले काम शोषण्याचे आणि दुसरे जंतूंना आवर घालण्याचे.

चालू असलेली पद्धत स्वस्त होती, पण ती तशीच पुढे नेण्यात अर्थ नव्हता. पेरॉक्साइड आणि आयोडीनचा रोजचा मारा जंतूंबरोबर नवे मांस विणणाऱ्या पेशींनाही मारतो. पावडर स्रावात मिसळून खडे होतात आणि त्यांच्याआड काय चालले आहे ते दिसत नाही.

सिल्व्हर सल्फाडायझिनची पांढरी मलम १९६८ पासून भाजलेल्या जखमांवर वापरात आहे आणि ती सगळीकडे मिळते. तिचा दोष असा की काही दिवसांत जखमेवर राखट, चिकट थर धरतो. मेलेले मांस कोणते आणि मलमेचा थर कोणता, हे ओळखणे अवघड होते. दर भेटीला तळ नीट पाहायचा असेल तेव्हा ती अडचणीची.

कॅडेक्सोमर आयोडीन हा या जखमेला खरे तर शोभणारा पर्याय. स्टार्चचे बारीक मणी स्राव शोषून फुगतात आणि आतले आयोडीन हळूहळू सोडतात. चिकट मेलेल्या थरावर ते चांगले काम करते. पण आयोडीन जखमेतून रक्तात जाते आणि थायरॉइडच्या रुग्णात ते टाळायचे असते. ती एक गोळी नसती तर कदाचित आम्ही हेच निवडले असते.

मधाबद्दल गुरुजींना स्वतःला ओढ होती. "पंचामृतातला आहे, त्याने अपाय कसा होईल?" असे त्यांनी विचारले. मधाचे काम खरे आहे. साखरेच्या घट्टपणामुळे तो जंतूंतले पाणी ओढतो, आम्लधर्मी असतो, आणि त्यातले एक एन्झाइम थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहते. पण स्वयंपाकघरातल्या मधात क्लॉस्ट्रिडियम या घातक जंतूचे बीजाणू असू शकतात. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. तो मिळतो, पण इतक्या पाण्याच्या जखमेत पातळ होऊन वाहतो आणि कडेची कातडी पांढरी, मऊ पडते. म्हणून तो मागे ठेवला.

केळीच्या पानाचाही विषय काकूंनी काढला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुंबईत भाजलेल्या रुग्णांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे आणि केळीच्या पानाचे ड्रेसिंग डॉक्टरांनी गांभीर्याने अभ्यासले आहे. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे बदलताना वेदना होत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. पण ते शोषत नाही आणि जंतूंना रोखत नाही. उथळ भाजलेल्या जखमेचे झाकण इथे उपयोगाचे नव्हते.

कायटोसान आणि कोलॅजन यांच्यापाशी चर्चा वेगळ्या वळणावर गेली. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून करतात. त्याच्यावरचा धन विद्युतभार जंतूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटतो आणि ते फाडतो, शिवाय त्याने रक्तस्राव थांबतो. कोलॅजन हे प्राण्यांच्या कातडी-हाडांतले प्रथिन; त्याच्या पट्ट्या गायीगुरांपासून, डुकरापासून किंवा माशांपासून येतात. गुरुजींनी शांतपणे विचारले, "हे कशाचे आहे?" त्यांच्या अंगाला सतत लागून राहणारी, विरघळून आत जाणारी वस्तू कशाची आहे हे जाणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. संसर्ग असलेल्या जखमेवर कोलॅजनची वेळ तशीही आलेली नव्हती, पण ते कारण पुढे करून उत्तर टाळणे बरोबर झाले नसते. जे आहे ते सांगितले. दोन्ही पर्याय त्यांनी नाकारले.

उरली सिल्व्हर अल्जिनेट. अल्जिनेट समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून बनते. त्यातले कॅल्शियम स्रावातल्या सोडियमशी अदलाबदल करते आणि धागे फुगून जेल होते. चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांना, आवरणाला आणि डीएनएला एकाच वेळी धरतात. उगम वनस्पतीचा आणि धातूचा, शोषण भरपूर, थायरॉइडला धोका नाही.

पहिला निर्णय: किती दिवस आणि कशासाठी

आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे झाला. मधुमेही पायावरच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाची २०२३ ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते: जखम लवकर भरावी म्हणून जंतुनाशक किंवा चांदीची ड्रेसिंग वापरू नयेत, कारण त्यांनी भरणे वेगाने होते याचा भरवशाचा पुरावा नाही. दुसरीकडे चांदीवरच्या २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मतैक्यात दोन आठवड्यांची मुदत सुचवली आहे. दोन आठवडे वापरा, मग थांबून पाहा. सुधारून संसर्गाची चिन्हे गेली तर बंद करा, सुधारणा नसेल तर जखमेचाच नव्याने विचार करा.

आम्ही दोन्ही समोर ठेवले आणि काकू-पुतण्याला असे सांगितले: चांदी जखम भरणार नाही. मेलेले मांस काढल्यावर जंतूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, एक ते तीन दिवसांत पुन्हा बसू लागतो. दोन साफसफाईंच्या मधल्या दिवसांत तो जोर धरू नये आणि वास-पाणी आटोक्यात राहावे, एवढ्यासाठी ही पट्टी. मुदत चौदा दिवस. पंधराव्या दिवसाची नोंद केसपेपरवर त्याच वेळी लिहिली: "चांदी बंद".

तारीख आधी लिहून ठेवल्याचा फायदा मोठा. चांगले चालले असताना कोणी म्हणत नाही की महागडी पट्टी थांबवा, आणि वाईट चालले असताना तर तिच्यावरचा विश्वास आणखी वाढतो. अशाने चांदी महिनोन्‌महिने चालत राहते.

काय केले

पहिल्याच दिवशी घट्टा आणि मेलेले मांस ब्लेडने काढले. संवेदना नसल्याने भूल लागली नाही. साफ केल्यावर जखम ४.२ बाय ३.४ सेंटीमीटर झाली, म्हणजे आधीपेक्षा मोठी. हे होणार असे आधीच सांगितले होते, नाहीतर घरचे हादरले असते. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, वरून कापसाची काडी फिरवली नाही. साफ केलेल्या तळातला मांसाचा तुकडा पाठवला. वरवरच्या स्वॅबमध्ये पृष्ठभागावर राहणारे सगळे जंतू येतात आणि खरा दोषी हरवतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि प्रोटियस हे दोन जंतू निघाले. दोघेही सुरू केलेल्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट या अँटिबायोटिकला दाद देणारे होते. लाली आठवड्यात ओसरली, गोळ्या दोन आठवड्यांच्या आत थांबवल्या. साखरेसाठी फिजिशियनने रात्रीचे इन्सुलिन सुरू केले.

घरी पट्टी काकू करणार होत्या. त्यांना तीन गोष्टी बजावल्या. पट्टी काढल्यावर करडी-काळी दिसेल, ती चांदीची छटा आहे, मांस सडलेले नाही. जेल पिवळट-हिरवट दिसेल, तो पू समजू नका, सलाइनने धुऊन मग वास घ्या. आणि चांदीच्या पट्टीखाली पोविडोन आयोडीन लावू नका, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. तिसरी गोष्ट मुद्दाम दोनदा सांगितली, कारण घरात आयोडीनची अर्धी बाटली शिल्लक होती आणि "थोडे लावून ठेवू" हा मोह कोणालाही होतो.

पैशाचा प्रश्न होताच. मोठ्या तुकड्याला काहीशे रुपये पडतात. अर्धा कापून उरलेला स्टीलच्या डब्यात ठेवायचा काकूंचा विचार होता. उघडलेल्या पाकिटातला तुकडा निर्जंतुक राहत नाही, तेव्हा लहान मापाचे तुकडे मागवले. पहिले चार दिवस रोज, मग एक दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी बदल. रोजच्या गॉझ-आयोडीन-पावडरचा हिशेब पुतण्याने मांडला तेव्हा फरक वाटला होता तेवढा निघाला नाही.

दुसरा निर्णय: भार कसा काढायचा

अंगठ्याच्या बुडाशी प्रत्येक पावलाला पडणारा दाब काढला नाही तर कोणतीही पट्टी हरते. इथे उत्तम उपाय म्हणजे गुडघ्यापर्यंतचे, काढता न येणारे प्लास्टर. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला. पण संसर्ग ताजा, रक्तपुरवठा मध्यम आणि पट्टी वरचेवर बदलायची, म्हणून प्लास्टर टाळले. पुढच्या पावलावर भार न येणारे पादत्राण आणि घरात वापरायला मऊ मायक्रोसेल्युलर रबरची, जखमेच्या जागी पोकळी ठेवलेली चप्पल ठरली.

गुरुजी अडले ते इथे. सोवळ्यात, देवासमोर, चप्पल? आम्ही वाद घातला नाही. चप्पल चामड्याची नाही, रबर आणि रेक्झिनची आहे, हे दाखवले. ती घराबाहेर कधीच न नेता फक्त पूजेसाठी ठेवता येईल का, एवढे विचारले. त्यांनी आपल्या गुरुपरंपरेतल्या एका ज्येष्ठांना फोन केला. आपद्धर्म म्हणून वेगळी, शुद्ध ठेवलेली चप्पल चालेल आणि पाटाऐवजी स्टुलावर बसून पूजा सांगता येईल, असे उत्तर आले. वैद्यकीय सल्ल्याने जे झाले नसते ते त्या एका फोनने झाले. मांडी घालून बसताना पावलाच्या कडेवर येणारा दाबही त्यामुळे टळला.

चौदाव्या दिवशी लाली नव्हती, वास नव्हता, तळ लाल आणि दाणेदार होता. ठरल्याप्रमाणे चांदी बंद करून साधे अल्जिनेट आणि वर फोम सुरू केले. काकूंनी विचारले, "गुण येतोय तर का थांबवायची?" केसपेपरवरची नोंद दाखवली. दुसरा एक्स-रेही स्वच्छ आला. चौथ्या आठवड्यात क्षेत्रफळ पहिल्या साफसफाईनंतरच्या निम्म्यावर आले. चार आठवड्यांत निम्मी घट हा पुढे जखम भरण्याचा चांगला संकेत मानला जातो.

गणपतीचा आठवडा

सातव्या आठवड्यात गणेश चतुर्थी आली. ठरले होते की पुतण्या घरोघर जाईल आणि गुरुजी एका ठिकाणी बसून फोनवर मंत्र सांगतील. प्रत्यक्षात दोन जुन्या यजमानांकडे ते स्वतः गेले, जिने चढले, आणि एका घरी चप्पल दाराबाहेर राहिली. तीन दिवसांनी ते आले तेव्हा जखमेच्या कडा पांढऱ्या आणि भिजलेल्या, घट्टा पुन्हा धरलेला, क्षेत्रफळ वाढलेले.

पुतण्या म्हणाला, "पुन्हा चांदीची लावू या." मागणी समजण्यासारखी होती, आणि आमच्यातही थोडा वेळ दुमत झाले. सुरक्षिततेसाठी आठवडाभर लावावी, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे. मग चिन्हे एकेक करून तपासली. लाली नाही, ऊब नाही, वास नाही, साखर चढलेली नाही, सळई हाडाला टेकत नाही. जखम बिघडली होती ती दाबाने. तिथे चांदी लावली असती तर सगळ्यांचे लक्ष पट्टीकडे वळले असते आणि चप्पल दाराबाहेरच राहिली असती. घट्टा काढला, साधी पट्टी चालू ठेवली, भेटी आठवड्यातून दोन केल्या. संसर्ग आता नव्हता, तेव्हा दोन आठवड्यांसाठी प्लास्टर घालायला गुरुजी स्वतःच तयार झाले. पितृपक्षातली कामे पुतण्याने केली.

निष्पत्ती

दहाव्या आठवड्यापासून जखम वेगाने आक्रसली. कार्तिकात, सतराव्या आठवड्यात, ती पूर्ण बंद झाली आणि पुढच्या दोन भेटींत बंदच राहिली. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.८ वरून ७.६ टक्क्यांवर आले. बोट गमावले नाही, रुग्णालयात भरती व्हावे लागले नाही.

तरी असा पाय बरा झाला असे समजून सोडता येत नाही. भरलेल्या मधुमेही जखमांपैकी सुमारे ४० टक्के पहिल्या वर्षातच परत उघडतात. गुरुजींना दर महिन्याला घट्टा काढायला बोलावतो. रोज रात्री काकू बॅटरीच्या उजेडात दोन्ही तळवे पाहतात, बोटांच्या बेचक्यांसह.

पुन्हा अशी जखम समोर आली तर

सणांचे वेळापत्रक पहिल्याच भेटीत कॅलेंडर समोर ठेवून विचारावे. भिक्षुक, कीर्तनकार, देवळातले सेवेकरी, पायी वारी करणारे यांच्या पायावरचा भार कधी वाढणार हे पंचांगातून आधीच कळते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, संसर्ग नसताना, प्लास्टर घातले असते तर जिना आणि दार दोन्ही प्रश्न सुटले असते. सातव्या आठवड्यातली घसरण टळण्याची ती सर्वांत चांगली संधी होती.

अंगठ्यातला दाब मोजायची सोय सगळीकडे नसते. ती नसेल तर निदान डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रावर, नाडीचा आवाज आणि लहरींचा आकार पाहावा. १.४ सारख्या आकड्यावर समाधान मानून पट्टी निवडायला बसू नये.

पट्टी कशापासून बनली हे विचारण्याची वेळ रुग्णावर येऊ नये. कोलॅजन बोव्हाइन, म्हणजे गायीगुरांचे, आहे की माशाचे, कायटोसान कशाचे, हे पाकिटावर बारीक अक्षरात असते, कधी नसतेच. आता नवे ड्रेसिंग घेताना आम्ही विक्रेत्याकडून उगमाची माहिती लेखी मागतो आणि केसपेपरवर ॲलर्जीच्या रकान्याखाली एक ओळ वाढवली आहे: प्राणिजन्य पदार्थ चालतील का. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांसाठीही तीच ओळ उपयोगी पडते.